वडलांनी हयातीतच धाकट्या भावाला जमीन बक्षीसपत्राने दिली, आता आम्ही बाकीचे वारस काही करू शकतो का?

वाळव्याची_लेक

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तर पण अर्धवटच मिळेल म्हणून सगळंच लिहिते.

माहेर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुका. आम्ही चार भावंडं. थोरला दादा नोकरीला पिंपरीत, मग मी, मग बहीण, आणि सगळ्यात धाकटा भाऊ, तो गावीच असतो आणि शेती तोच बघतो. माझं लग्न १९८९ ला झालं, बहिणीचं १९९६ ला. वडील मागच्या दिवाळीनंतर वारले. आई आहे, ती धाकट्याजवळ असते.

महिनाभराने दादा वारस नोंदीचा अर्ज द्यायला गेला तर तलाठी म्हणाले की तुमच्या वडलांच्या नावावर फक्त माळाची अडीच एकर आहे, विहिरीकडची चार एकर २०१७ सालीच धाकट्या भावाच्या नावावर झालीय, बक्षीसपत्राने. फेरफार पण मंजूर. आम्हा तिघांना आठ वर्षं काही पत्ता नाही, दर दिवाळीला, दर यात्रेला आम्ही त्याच घरात जेवतोय आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. ऊस सगळा त्या चार एकरातच आहे, माळावर पावसाचं पाणी पडलं तर काहीतरी येतं.

भावाला विचारलं तर तो म्हणतो आप्पांनी स्वतःच्या मर्जीने दिली, रजिस्टर आहे, तुम्हाला काय करायचं ते करा. आई रडते, म्हणते कोर्टात जाऊ नका, माहेर तुटेल. मला त्याचं नुकसान करायचं नाहीये, त्याने आप्पांचं शेवटचं दुखणं काढलंय हे मी कुठेही सांगेन. पण सरळ सांगितलं असतं तर वेगळं होतं. गावातलं कुणी म्हणतं बापाची जमीन बाप कुणालाही देईल, कुणी म्हणतं वडिलोपार्जित असेल तर देताच येत नाही. जमीन आजोबांची होती एवढं मला माहितीय, आजोबा १९७४ साली गेले. नेमकं खरं काय?

माळरान_७२

ताई वाईट वाटेल पण खरं सांगतो, रजिस्टर बक्षीसपत्र आहे, फेरफार झालाय, सातबारा त्याच्या नावावर आहे, आता काही होत नाही. आमच्या चुलत्यांनी असंच केलं होतं, वकिलाला पैसे घातले आणि गप्प बसलो.

तालुका_कोर्ट_वकील

वरचं उत्तर चुकीचं आहे आणि अशा उत्तरांमुळेच लोकांची मुदत निघून जाते, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो. फेरफार आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे, सरकारने शेतसारा कुणाकडून घ्यायचा त्यासाठी ठेवलेला. त्याने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्ट ठरवतं. आणि रजिस्टर झालं म्हणजे एवढंच की दस्त नोंदला गेला. देणाऱ्याला ती जमीन देण्याचा हक्क होता की नाही हे दुय्यम निबंधक तपासत नाही.

ताई, तुमच्या केसमध्ये सगळ्या गोष्टींच्या आधी एकच प्रश्न आहे. ही जमीन तुमच्या वडलांकडे आली कशी? बाकी सगळं, म्हणजे भावाने सेवा केली, तुम्हाला सांगितलं नाही, आईला काय वाटतं, हे कोर्टात नंतर येतं.

वडलांची स्वकष्टार्जित असेल, म्हणजे स्वतःच्या कमाईतून खरेदीखताने घेतलेली, तर गावातले लोक म्हणतात ते बरोबर आहे. हिंदू माणूस आपली स्वकष्टार्जित मिळकत जिवंतपणी कुणालाही देऊ शकतो, चार मुलांपैकी एकालाच सगळी दिली तरी कायदा अडवत नाही. मग तुमच्याकडे उरतं फक्त दस्तावर बोट ठेवणं. बक्षीसपत्र रजिस्टर लागतं, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने देणारा जिवंत असतानाच ते स्वीकारावं लागतं, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२, १२३ मध्ये आहे. यात काही कमी असेल, किंवा वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले असतील, समजत नसेल, दबाव आणला असेल, तर तो मुद्दा. पण तो पुराव्याने शाबित करावा लागतो आणि ते अवघड असतं, हे आत्ताच सांगतो.

वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची असेल तर चित्र पूर्ण उलटं. एकत्र कुटुंबातला सहदायाद (म्हणजे जन्मानेच मिळकतीत हक्क असलेला) आपला अविभक्त हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देऊच शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच हे सांगितलंय. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात अविभक्त हिस्सा विकता येतो, गहाण टाकता येतो, पण फुकट देता येत नाही. बाप कर्ता म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून देतोय म्हटलं तरी स्थावर फक्त धर्मकार्यासाठी देता येते, किंवा मुलीला लग्नाच्या वेळी किंवा नंतर वाजवी प्रमाणात थोडी. एप्रिल २०२२ मध्ये कर्नाटकातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत हेच स्पष्ट केलं की 'प्रेम आणि आपुलकी' हे कारण धर्मकार्यात बसत नाही. आता तुमच्या भावाचा दस्त उघडून बघा, त्यात 'प्रेम व आपुलकीपोटी' हेच शब्द असणार, दस्तलेखकांचा तो ठरलेला मजकूर आहे.

आणि तुम्ही मुली म्हणून मागे नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना सहदायाद केलं, पण त्यात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या, म्हणजे त्या कायद्याने तुमची बहीण आत आणि तुम्ही बाहेर होता. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हा फरक संपला, आणि सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे हे पक्कं झालं. अडचण फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या व्यवहारांची असते, ते मुलींना उकरता येत नाहीत. तुमचं बक्षीसपत्र २०१७ चं आहे त्यामुळे ती भिंत मध्ये येत नाही.

पण "आजोबांची होती" एवढ्यावर जमीन वडिलोपार्जित ठरत नाही. इथे खूप लोक फसतात. आजोबांनी स्वतः विकत घेतली असेल आणि ते १९५६ नंतर गेले असतील तर वडलांना ती हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने वारस म्हणून मिळाली, आणि अशी मिळालेली जमीन वडलांची स्वतःची धरली जाते, तुमचा जन्माने हक्क त्यात येत नाही. आजोबा १९७४ ला गेले म्हणता, म्हणजे आता एवढंच बघायचं की आजोबांकडे ती कुठून आली.

निवृत्त_तलाठी

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागद कुठे मिळतील ते सांगतो. ३१ वर्षं हेच केलंय.

ताई, आत्ताचा सातबारा घेऊन बसू नका, त्यातून काही कळणार नाही. त्यावर फेरफार नंबर गोल करून लिहिलेले असतात, त्या प्रत्येक नंबरचा उतारा काढा (गाव नमुना ६). एका फेरफारातून मागचा नंबर कळतो, असं करत १९५० च्या मागे जायचं. तुमच्याकडे गट पडलेत, म्हणजे एकत्रीकरण झालंय, त्यामुळे जुना सर्व्हे नंबर कोणता होता ते एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून काढावं लागेल, नाहीतर लोक गट नंबर घेऊन जुन्या रेकॉर्डमध्ये शोधत बसतात आणि सापडलं नाही म्हणून परत येतात. जुनं रेकॉर्ड तहसीलच्या अभिलेख कक्षात, बरंचसं आता स्कॅन होऊन सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पण आहे. मोडी असेल तर वाचणारा शोधा.

फेरफारात काय शब्द आहेत ते बघा. 'खरेदी' असेल तर एक गोष्ट, 'वाटप' असेल तर दुसरी, 'वारसाने' असेल तर कुणाच्या मागे ते बघा. आजोबांच्या नावावर 'भावाभावात वाटप' म्हणून आली असेल तर ती त्यांच्या बापाची, आणि मग तुमची केस मजबूत. 'कूळ' किंवा '३२ म' दिसलं तर ते वेगळं प्रकरण, वकिलाला लगेच दाखवा कारण त्याला कूळ कायद्याच्या कलम ४३ ची, हस्तांतरणावरची अट असते.

तुम्हाला नोटीस का आली नाही हे पण सांगतो, कारण हा राग सगळ्याच बहिणींना असतो आणि तो रास्त आहे. नोंदीची नोटीस आम्ही ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांना काढतो. वडील जिवंत असेपर्यंत नाव फक्त त्यांचं, मुलींचं कुठेच नसतं. चावडीवर नोटीस लागते, पण पुण्यात राहणारी मुलगी चावडीवर कधी येणार. म्हणजे कागदोपत्री सगळं नियमात आणि तरी हक्कदाराला पत्ता नाही. नोकरीत असताना अशा नोंदी मी पण मंजूर केल्यात, नंतर त्या बाया ऑफिसात येऊन रडायच्या आणि मला सांगण्यासारखं काही नसायचं.

एक अजून. २०१५ पासून मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये झालं. चांगल्या हेतूने केलं होतं, पण तेव्हापासून असे दस्त खूप वाढलेले मी बघितले, कारण वाटणीपत्राला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि याला फक्त बापाची.

कृष्णाकाठ

ताई मी यातून गेलेय म्हणून लिहिते. आमच्यात पण असंच, मी आणि माझी बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. चार गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. बाईला मालमत्तेच्या दाव्यात महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या सरकारी अधिसूचनेने, मला हे दावा भरताना कळलं, तोवर मी फीच्या भीतीने दीड वर्ष थांबले होते. दुसरं म्हणजे दावा टाकला त्याच दिवशी जमीन विकायला मनाईचा अर्ज टाका आणि लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवून घ्या, आमच्या भावाने नोटीस गेल्यावर दोन महिन्यांत इसार घेतला होता. तिसरं, भावाशी फोनवर भांडू नका, जे विचारायचं ते लेखी. आणि आईला साक्षीत ओढू नका जमलं तर, ते माझ्या मनातून अजून जात नाही. माझ्या आईला वकिलाने उलट विचारलं की मुलीचं लग्न लावून दिलं तेव्हा किती खर्च केला, ती तिथेच थरथरायला लागली.

शिराळकर_पाटील

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे गावी राहिलेला भाऊ. वाचून राहवलं नाही. शहरात गेलेल्यांना आठ वर्षांनी सातबारा आठवतो, पण विहिरीचं कर्ज, मोटार जळली की रात्रीचं जाणं, बापाचं डायलिसिस, हे कोण करतं? आमच्या आईबापाने बहिणींच्या लग्नात सोसायटीचं कर्ज काढलं ते मी फेडलं. तुमच्या भावाने चुकीचं केलं असेल, लपवायला नको होतं, पण त्याला लुटारू समजू नका एवढंच.

वाळव्याची_लेक

पाटील दादा, मी त्याला लुटारू समजत नाही, वर लिहिलंय मी. आप्पांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी सुट्टी काढून महिन्याला चार दिवस जायचे, बाकी सव्वीस दिवस तोच होता. त्याला जास्त द्या म्हणून मीच दादाला म्हणाले असते. पण विचारायला तर हवं होतं ना. आमच्या आप्पांनी आम्हाला कधी मुलगी म्हणून कमी केलं नाही, शिकवलं, आणि मग हा कागद. तो त्यांनी समजून केला का हेच मला झोपू देत नाही.

तालुका_कोर्ट_वकील

पाटीलसाहेबांचा मुद्दा कायद्यात पण आहे. भावाने विहीर, पाइपलाइन स्वतःच्या पैशाने केली असेल तर वाटपात शक्यतो तो तुकडा त्याच्याकडे ठेवून हिशोब जुळवता येतो, त्याने ते मागावं. पण सेवा केली म्हणून दुसऱ्याचा हिस्सा आपला होत नाही.

फोंड्याचो_भाट

विषय सोडून नाही, पण सांगावंसं वाटलं. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून कायदा वेगळा, आता २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा आहे. आमच्याकडे आईबापाला आपल्या मिळकतीचा अर्धाच भाग मर्जीने देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा राखीव, मग ती स्वकष्टाची असली तरी. एका मुलाला जिवंतपणी जास्त दिलं तर बाप गेल्यावर इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या प्रक्रियेत, ते दान हिशोबात धरतात आणि अर्ध्याच्या वर गेलं असेल तर तेवढं कमी करून बाकीच्यांना मिळतं. आणि लग्नानंतर बहुतेकांची मिळकत नवरा-बायकोची निम्मी निम्मी, त्यामुळे बायकोला बाजूला ठेवून बापाला सही करता येत नाही. तुमच्याकडे स्वकष्टाची असेल तर सगळी एकाला देता येते हे वाचून आश्चर्य वाटलं.

तालुका_कोर्ट_वकील

बरोबर, पण तो नियम वाळव्याला लागू नाही, ताई गोंधळू नका.

सुनबाई_कराड

प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येत नाही का? ज्येष्ठ नागरिक कायद्यात बक्षीसपत्र रद्द होतं असं ऐकलंय, वर्षा-सहा महिन्यात निकाल लागतो, कोर्टात वीस वर्षं.

तालुका_कोर्ट_वकील

२००७ च्या त्या कायद्याचं कलम २३ वेगळ्या कामासाठी आहे. आईबापाने सांभाळायच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते आईबाप स्वतः प्रांताकडे जाऊन ते रद्द करून घेऊ शकतात. वडील आता नाहीत, आणि ताई स्वतःच म्हणतात भावाने सांभाळलं. भावंडांची भांडणं सोडवायला ते कलम नाही.

वाळव्याची_लेक

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितेय, कागद काढत होते.

तलाठी काकांनी सांगितलं तसं मागे मागे गेलो. आत्ताच्या गटावरून जुना सर्व्हे नंबर, तिथून १९५१ चा फेरफार. त्यात लिहिलंय की आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्यात वाटप, 'वडील मयत झाल्याने'. म्हणजे जमीन पणजोबांची! मग १९७५ चा वारस फेरफार, आजोबांच्या मागे आजी, आप्पा आणि दोन आत्या अशी नावं, आणि खाली एक ओळ, 'बहिणींनी हक्क सोडला सबब नावे कमी'. आत्यांना फोन केला तर मोठी आत्या म्हणाली कुठं सही केलेली आठवत नाही, तेव्हा तलाठी घरी आला होता, भावाने अंगठा दे म्हटलं, दिला.

बक्षीसपत्राची सर्टिफाइड कॉपी पण काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय, 'माझ्या वडिलोपार्जित वहिवाटीची मिळकत', आणि पुढे 'प्रेम व आपुलकीपोटी'. वकीलसाहेब, तुम्ही न बघता सांगितलं होतं. खाली सही आप्पांचीच आहे, वळणदार, त्यांची नेहमीची. ती बघून मला बराच वेळ काही सुचलं नाही.

तालुका_कोर्ट_वकील

ताई, ही कॉपी जपून ठेवा. दस्तातच वडलांनी 'वडिलोपार्जित' म्हटलंय आणि भावाने तोच दस्त स्वीकारलाय, आता त्याला 'स्वकष्टार्जित' म्हणणं जड जाईल.

तरी सगळी चार एकर पडते असं समजू नका. १९७४ ला आजोबा गेले तेव्हा वडलांच्या हातात दोन प्रकारची जमीन आली. एक, वडलांचा स्वतःचा सहदायादी हिस्सा, तो वडिलोपार्जितच राहिला. दुसरा, आजोबांच्या हिश्श्यातून आणि पुढे आजीच्या हिश्श्यातून वारसाने आलेला तुकडा, तो वडलांचा वैयक्तिक धरला जाऊ शकतो आणि त्यापुरतं बक्षीसपत्र टिकवायचा प्रयत्न भावाचा वकील करणार. आजी धरून मृत्यूच्या वेळची वाटणी कशी मोजायची ते गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या १९७८ च्या निकालात आहे. त्या हिशोबाने तेव्हा आजोबा, आजी, वडील यांचा एकेक तृतीयांश, मग आजोबांच्या तृतीयांशाचे चार भाग. पुढची आकडेमोड इथे करू नका, वंशावळ आणि तारखा घेऊन वकिलासमोर बसून करा, एक माणूस चुकला तर सगळे अपूर्णांक चुकतात.

आत्यांची ती ओळ महत्त्वाची आहे. स्थावरातला हक्क तोंडी किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने सुटत नाही, रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं. पण ५० वर्षं झालीत, समोरून प्रतिकूल ताब्याचा (इतकी वर्षं उघड ताबा म्हणून मालकी झाली असा) मुद्दा येईल. तरी वाटपाच्या दाव्यात त्यांना पक्षकार करावंच लागेल, नाहीतर आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा अडकतो. आधी त्यांच्याशी बोला.

मुदतीचं. वडलांनी केलेलं वडिलोपार्जित मिळकतीचं हस्तांतरण मुलांनी आव्हान द्यायला १२ वर्षं आहेत, घेणाऱ्याने ताबा घेतल्यापासून, मुदत कायद्याचं कलम १०९. पण समोरचा वकील कलम ५९ चे ३ वर्षं काढणार, तुम्हाला कळल्यापासून. म्हणून कळल्यापासून तीन वर्षांच्या आतच टाका, म्हणजे तो वादच नको. आणि दस्त तुम्ही केलेला नाही, त्यामुळे 'रद्द करा' नाही तर 'आमच्यावर बंधनकारक नाही असं ठरवून वाटप करून द्या' अशी मागणी हवी.

निवृत्त_तलाठी

दाव्याच्या आधी एकदा सगळे बसा. भाऊ तयार झाला तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ ने संमतीचं वाटप होतं. विहीर त्याला, माळ वाढवून बाकीच्यांना, असं मी लावून दिलेलं आहे. आणि माळाच्या अडीच एकराची वारस नोंद मात्र थांबवू नका, त्यावर तुम्हा सगळ्यांची आणि आईची नावं लगेच लागू द्या.

वाळव्याची_लेक

माळाची वारस नोंद धरली, पाचही नावं घातली. आत्यांना मी आणि बहीण रविवारी जाऊन भेटून आलो. मोठी आत्या म्हणाली मला जमीन नको पण मी सही केली नव्हती हे मी सांगेन.

भावाला लेखी पत्र पाठवलं, दस्तातली ओळ आणि १९५१ चा फेरफार जोडून. चार दिवस काही नाही, काल रात्री त्याचा फोन आला. भांडला नाही. म्हणाला आप्पाच म्हणाले होते सांगू नको, वाद होईल. मी म्हटलं पुढच्या शनिवारी सगळे येतो, आईसमोर नको, दादाच्या ओळखीच्या वकिलांकडे बसू, विहिरीचा आणि कर्जाचा तुझा हिशोब पण घेऊन ये. हो म्हणालाय.

तोवर आमच्या वकिलांनी दाव्याचा मसुदा आणि मनाईचा अर्ज तयार करून ठेवलाय. शनिवारी काय झालं ते इथेच लिहीन.